बोटीवरची जुनी शेगडी कोणी बदलायची?

घरच्या ओट्यावर नवी शेगडी आली की जुनी कोठे जाते? अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हा प्रश्न आढळणार नाही. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र त्याचे उत्तर पुष्कळ वेळा ठरलेले असते : जुनी शेगडी बोटीवर जाते. घरात जी वस्तू वापरण्यायोग्य राहिली नाही, ती भर समुद्रात, वाऱ्यात आणि लाटांत, आठदहा माणसांचा भात शिजविण्यास योग्य मानली जाते. तिच्याबरोबर जुनाच रेग्युलेटर जातो, कडक झालेली रबरी नळी जाते आणि घराच्या नावावर मिळालेली गॅसची टाकीही जाते. ज्यांच्या जिवाशी या व्यवस्थेची गाठ पडलेली आहे, त्या खलाशांना याबाबत कोणी काही विचारीत नाही.

वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. मच्छीमारांच्या मागण्यांची यादी लांब आहे. डिझेलवरील कराचा रखडलेला परतावा, पर्ससीन जाळ्यांची व एल.ई.डी. दिव्यांची मासेमारी, गाळाने भरलेली बंदरे, वाढवणसारखे किनाऱ्यावर येणारे प्रकल्प या प्रश्नांपुढे शेगडीची कथा ती काय? परंतु चुलीचा प्रश्न राजकारणाबाहेरचा मानण्याची परंपरा समाजवादी चळवळीची नव्हे. डॉ. राममनोहर लोहियांनी पन्नाशीच्या दशकातच स्त्रीच्या स्वयंपाकघरातील धूर हा राजकीय कार्यक्रमाचा विषय मानला होता. ज्या श्रमाकडे कोणी पाहत नाही त्या श्रमाची साधने नेहमी सर्वांत जुनी असतात, हे त्यामागचे मर्म होते. घरात ते स्त्रीच्या वाट्याला आले, बोटीवर ते स्वयंपाक करणाऱ्या खलाशाच्या वाट्याला आले आहे. जहाजी भाषेत त्याला भंडारी म्हणतात. मासेमारीच्या बोटीवर हे काम अनेकदा वयाने सर्वांत लहान व मिळकतीने सर्वांत कमी अशा पोरावर पडते.

वायूचा स्वभाव आणि बोटीची रचना

स्वयंपाकाचा गॅस हा प्रोपेन व ब्युटेन या वायूंचे मिश्रण होय. तो हवेहून दीड ते दोन पट जड असतो. घरात गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो, दारेखिडक्या उघडल्या की बाहेर पडतो. बोटीत मात्र खाली दार नसते. डेकच्या फटींतून, केबिनच्या उंबऱ्यावरून तो उतरतो आणि बोटीच्या तळातील पोकळीत, जेथे गळके पाणी साचते तेथे, पाण्यासारखाच साचून राहतो. त्याच पोकळीच्या आसपास इंजिन असते, बॅटरी असते, इंजिन सुरू करण्याची मोटर असते. एक ठिणगी पुरते.

थोडा हिशेब केला तर धोक्याचे प्रमाण ध्यानात येईल. एक किलो द्रवरूप गॅसपासून साधारण अर्धा घनमीटर वायू होतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले की ते मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणजे एक किलो गॅस सुमारे पंचवीस घनमीटर हवेला स्फोटक बनवू शकतो. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद व दोन मीटर उंच अशी जागा धरली तर ती अठरा घनमीटर भरते. ट्रॉलरची झोपण्याची केबिन बहुधा याहून मोठी नसते. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो.

गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. परंतु वासाची ही सूचना स्वच्छ हवेच्या स्वयंपाकघरासाठी योजलेली आहे. मासळी, डिझेल आणि इंजिनाचा धूर यांच्या वासात आठ दिवस वावरलेल्या नाकाला ती वेळेवर पोहोचेलच असे नाही. शिवाय गॅस तळात असतो आणि नाक वर.

यात समुद्राची भर पडते. खाऱ्या हवेने पत्रा गंजतो, बर्नरची छिद्रे मिठाने व काजळीने बुजतात, कॉक आखडतो किंवा सैल होतो, नळीच्या टोकाची पट्टी कुजते. ज्योत निळी न राहता पिवळी जळू लागते. बंद केबिनमध्ये अशी ज्योत म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागेही करीत नाही. बोट कलली की पातेले सरकते. वाऱ्याचा झोत आला किंवा कालवण उतू गेले की ज्योत विझते. घरगुती शेगडीची ज्योत विझली तरी गॅस चालूच राहतो. जाळी आवळून खलाशी परत येईपर्यंत दहा मिनिटे गेली, तर तेवढा वेळ तो वायू तळात उतरत असतो.

यावर उपाय नाही असे नाही. बर्नरजवळ एक बारीक दांडी बसविलेली असते. ज्योतीच्या उष्णतेने तिच्यात अत्यल्प वीज निर्माण होते आणि त्या विजेने गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली, दांडी थंड झाली की काही सेकंदांत झडप आपोआप मिटते. लहान नौकांवरील गॅसव्यवस्थेसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे (आय.एस.ओ. १०२३९), त्यात प्रत्येक बर्नरला अशी झडप असावी आणि टाकी ठेवण्याच्या कप्प्याला तळाशी थेट बोटीबाहेर उघडणारी वाट असावी, अशी अट आहे. गळालेला गॅस बोटीत न उतरता समुद्रावर निघून जावा, एवढी साधी ती कल्पना आहे. आपल्या बाजारातील साध्या घरगुती शेगड्यांत अशी झडप बहुधा नसते. ओट्यात बसविण्याच्या महागड्या शेगड्यांत ती मिळते. म्हणजे तंत्र उपलब्ध आहे, देशात विकलेही जाते. ते ज्या ओट्यावर पोहोचले तेथे त्याची गरज त्या मानाने कमी आहे, आणि जेथे गरज अधिक तेथे ते पोहोचलेले नाही.

खर्च कोणाचा, निर्णय कोणाचा?

असे का व्हावे? मालक निष्ठुर असतात, हे उत्तर सोपे आहे आणि चुकीचेही आहे. आपल्या किनाऱ्यावरील बोटींचे मालक सर्वच काही भांडवलदार नाहीत. एकच बोट असलेली, व्यापाऱ्याच्या उचलीत अडकलेली कोळी, भंडारी, दालदी, खारवी कुटुंबे त्यांत पुष्कळ आहेत. अनेक मालक स्वतःच तांडेल म्हणून समुद्रावर जातात आणि त्याच शेगडीवरचा चहा पितात. तेव्हा दोष स्वभावात न शोधता हिशेबाच्या पद्धतीत शोधावयास हवा.

मासेमारीत वाट्याची पद्धत जुनी आहे. फेरीतील मासळी विकून आलेल्या पैशांतून प्रथम चालू खर्च वजा होतो : डिझेल, बर्फ, शिधा आणि गॅस. उरलेल्या रकमेचे मालक व खलाशी यांच्यात वाटे पडतात. वाट्यांचे प्रमाण बंदरागणिक वेगळे असते. परंतु तत्त्व एकच : चालू खर्च दोघांचा, भांडवली खर्च मालकाचा. बोट, इंजिन, जाळी या मालकाच्या वस्तू, आणि शेगडीही त्यांतच मोडते.

आता केवळ हिशेब समजावा म्हणून काही आकडे धरू. नवी, झडपेची, नीट जळणारी शेगडी तिच्या सर्व जोडण्यांसह दहा हजार रुपयांना पडते असे समजा. जुन्या शेगडीपेक्षा तिच्यावर दर फेरीला पाचशे रुपयांचा गॅस वाचतो आणि हंगामात चोवीस फेऱ्या होतात असेही समजा. एकूण बचत बारा हजारांची झाली. बोट हे एकच कुटुंब मानले तर शेगडीची किंमत एका हंगामात वसूल होऊन वर दोन हजार उरतात. परंतु वाटे निम्मेनिम्मे असतील तर मालकाच्या पदरात त्यांतील सहाच हजार पडतात आणि खर्च मात्र दहा हजारांचा पूर्ण त्याचा. कर्जावर व्याज भरणारा मालक म्हणतो, यंदा जुनीच चालू दे. त्याच्या बाजूने हा निर्णय मूर्खपणाचा नाही. आणि ज्यांना उरलेले सहा हजार मिळाले असते, त्या खलाशांना निर्णयाचा अधिकार नाही. सर्वांच्या फायद्याची गोष्ट कोणीच करीत नाही, याचे कारण फायदा विभागलेला आणि अधिकार एकवटलेला, हे होय. भाड्याच्या घरात गळके छप्पर वर्षानुवर्षे तसेच का राहते, याचेही उत्तर हेच आहे.

खलाशी वाट्याऐवजी पगारावर असले तर? अलीकडे अनेक बंदरांत हाच प्रकार वाढला आहे. रत्नागिरीचा मिरकरवाडा असो, की गोव्यातील मालिम व कुटबण, तेथील बोटींवर नेपाळपासून ओडिशापर्यंतचे मजूर उचल घेऊन हंगामभर राबतात. येथे गॅसची बचत पूर्णपणे मालकाची होते, हे खरे. परंतु शेगडी बदलण्याचा खरा लाभ बचतीत नसून जीव वाचण्यात आहे, आणि तो लाभ मालकाच्या खात्यात कोठेच दिसत नाही. बोटीचा विमा असल्यास जळालेल्या बोटीची काही भरपाई मिळते. भाजलेल्या मजुराच्या जागी दुसरा मजूर मिळतो. जेथे श्रम मुबलक आणि असंघटित असतात तेथे सुरक्षिततेची किंमत बाजार शून्य धरतो, हा अर्थशास्त्राचा जुना व कटू धडा आहे.

घरगुती टाकीची चोरवाट

शेगडीइतकाच टाकीचा प्रश्न आहे. घरगुती वापराची टाकी अन्य कामासाठी वापरण्यास २००० सालच्या पुरवठा व वितरणविषयक आदेशाने मनाई आहे. बोट हे घर नव्हे, तो व्यवसाय आहे. तेव्हा तेथे १९ किलोची व्यावसायिक टाकी किंवा बाजारभावाने मिळणारी पाच किलोची लहान टाकी वापरली पाहिजे, असे नियम सांगतो. व्यवहारात भावातील फरकामुळे घरगुती टाकीच धक्क्यावर येते.

या चोरवाटेचा परिणाम केवळ सरकारी तिजोरीवर होत असता तर त्याची फारशी खंत वाटली नसती. परिणाम होतो तो खलाशावर. बेकायदा वस्तूची तपासणी कोणी मागत नाही. वितरकाचा माणूस घरी येऊन नळी व शेगडी पाहतो, बोटीवर तो येत नाही, आणि त्याला बोलाविण्याची कोणाची छातीही नाही. अपघात झाला तर टाकी कोणाची, कोणत्या पत्त्यावरची, येथून प्रश्न सुरू होतात. तेल कंपन्यांच्या विम्यात मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई ग्राहकाच्या नोंदलेल्या पत्त्याशी बांधलेली असते. समुद्राला पत्ता नाही.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. तिच्यातील उणिवा कितीही असोत, गरीब घरातील चूल हा शासनाच्या जबाबदारीचा विषय आहे, हे तत्त्व तिने मान्य केले. त्याच वर्षापासून रेशनच्या रॉकेलचे भाव टप्प्याटप्प्याने वाढवीत नेऊन २०२० पर्यंत केंद्राने त्यावरील अनुदान संपविले. बोटीवरच्या स्टोव्हला त्यामुळे रॉकेल परवडेनासे झाले आणि गॅसकडे वळणे भाग पडले. पण जो माणूस वर्षातील बरेच महिने घराबाहेर, समुद्रावरच जेवतो, त्याच्या चुलीला त्या योजनेत जागा नव्हती. एका हाताने रॉकेल काढून घेतले, दुसऱ्या हाताने गॅस दिला तो घराला. मधल्या पोकळीत खलाशी सापडला.

कायद्याचे मौन

बोटींच्या बाबतीत शासनाची नजर अधू आहे, असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर किनाऱ्यावरील मच्छीमारांना बोटांच्या ठशांची ओळखपत्रे देण्यात आली, बोटींना राज्यवार रंग ठरविण्यात आले, नोंदणी कडक झाली. बोटीवर कोण आहे हे शासनाला देशाच्या सुरक्षेसाठी कळले पाहिजे, हे योग्यच. परंतु त्याच बोटीवर तो माणूस कशावर अन्न शिजवितो, हे त्याच्या स्वतःच्या सुरक्षेसाठी कोणी विचारले नाही. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. त्याचा मुख्य रोख कोणी, कोठे, कोणत्या जाळ्याने मासे धरावेत यावर आहे. मासळीच्या रक्षणासाठी जाळ्याच्या आसाचे माप ठरविणारे शासन खलाशाच्या रक्षणासाठी गॅसच्या नळीचे वय ठरवू शकत नाही, हे पटण्याजोगे नाही.

जगात याचा विचार झालेला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००७ साली मासेमारीतील कामाविषयीचा १८८ क्रमांकाचा करार संमत केला आणि १६ नोव्हेंबर २०१७ पासून तो अंमलात आला. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नव्या, डेक असलेल्या बोटींवर स्वयंपाकाची साधने असावीत, शक्य तेथे स्वयंपाकघर वेगळे असावे, आणि ब्युटेन किंवा प्रोपेनच्या टाक्या उघड्या डेकवर, बाहेरील उष्णता व धक्के यांपासून रक्षण करणाऱ्या आडोशात ठेवाव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही. ब्रिटनमधील अंतर्गत जलमार्गांवर तर हौशी लोकांच्या नौकांनाही दर चार वर्षांनी गॅस व आगीच्या दृष्टीने तपासून घ्यावे लागते. त्याशिवाय परवाना मिळत नाही. तेथे सुटी घालविण्यासाठी नौकेवर जाणाऱ्याच्या जिवाला जे संरक्षण आहे, ते येथे पोट भरण्यासाठी जाणाऱ्याच्या जिवाला नाही.

ब्रिटनला हे शहाणपण सहजासहजी आले नाही. एकोणिसाव्या शतकात तेथील मालक कुजकी जहाजे वाजवीपेक्षा अधिक माल भरून, भरपूर विमा उतरवून समुद्रात धाडीत. जहाज पोहोचले तर नफा, बुडाले तर विमा. खलाशी त्या जहाजांना शवपेट्या म्हणत. सॅम्युएल प्लिम्सॉल या पार्लमेंटच्या सभासदाने १८७३ साली त्यावर पुस्तक लिहिले, सभागृहात रण माजविले आणि १८७६ साली जहाजावर भाररेषा रंगविण्याचा कायदा करविला. परंतु त्या कायद्यात एक फट राहिली : रेषा कोठे काढावयाची हे मालकानेच ठरवावयाचे होते. ती फट बुजविण्यास १८९० साल उजाडले. यातील धडा आजही उपयोगी आहे. 'बोटीवर सुरक्षित शेगडी असावी' एवढेच म्हणणारा नियम म्हणजे मालकाने काढलेली भाररेषा. शेगडी कशी, नळी किती वर्षांची, टाकी कोठे, तपासणार कोण, हे जोवर लिहिले जात नाही तोवर नियम कागदावरच राहील.

शेगडी बदलणे म्हणजे काय?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शेगडी बदलणे म्हणजे जुनी काढून त्याच नळीला नवी जोडणे नव्हे. नव्या शेगडीला जुनी नळी जोडणे म्हणजे नव्या कपड्याला कुजलेल्या सुताने शिवणे होय. टाकीपासून ज्योतीपर्यंत सारी साखळी एकदम पाहिली पाहिजे.

टाकी उघड्या डेकवर, उभी, पट्ट्याने घट्ट बांधलेली असावी. तिचा कप्पा वरून व बाजूंनी आडोसा देणारा, पण तळाशी समुद्राकडे उघडा असावा. तेथून आत जाणारी नळी इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, घासणार नाही अशी बांधलेली असावी. भारतीय मानकाचा शिक्का असलेली नळीही घरात पाच वर्षांनी बदलावी असे तेल कंपन्या सांगतात. समुद्रावर ती त्याआधीच बदलणे शहाणपणाचे. शेगडीच्या प्रत्येक बर्नरला ज्योत विझताच मिटणारी झडप हवी. ती बोटीला पक्की बसविलेली हवी आणि पातेले सरकू नये म्हणून तिच्या भोवती कठडा हवा. केबिनला वर आणि खाली, दोन्हीकडे हवेची वाट हवी. काम संपताच गॅस शेगडीच्या कॉकवर नव्हे, टाकीवर बंद करण्याची शिस्त हवी. जोडणी तपासावयाची ती साबणाच्या फेसाने. काडी पेटवून कधीही नव्हे.

विजेची शेगडी का नको, असेही विचारले जाते. मोठ्या व्यापारी जहाजांवर ती सर्रास असते, कारण तेथे वीज निर्माण करणारी स्वतंत्र यंत्रे असतात. दोन हजार वॅटची शेगडी २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालवावयाची तर ऐंशी अँपिअरहून अधिक प्रवाह लागेल. लहान ट्रॉलरच्या बॅटरीला ते फार काळ पेलणारे नाही, आणि जुन्या तारांतून तेवढा प्रवाह नेणे म्हणजे एका आगीऐवजी दुसरीला बोलावणे आहे. पुढेमागे तंत्र बदलेल, बदलावेही. तूर्त बहुतेक बोटींवर गॅसच राहणार आहे, हे धरून चालले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. मोठ्या ट्रॉलरवरून निघालेली जुनी शेगडी भंगारात जाते असे मानू नये. तिला गिऱ्हाईक असते. ती लहान होडीवर जाते, किंवा किनाऱ्यावर मजुरांच्या खोपटात. गरिबाचा बाजार हा श्रीमंताने टाकलेल्या धोक्यांचाच बाजार असतो. म्हणून जुनी शेगडी जमा करून मोडल्याशिवाय नवीसाठी साहाय्य देऊ नये.

पैसा कोठून यावा?

खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. आठदहा दिवसांच्या फेरीत ट्रॉलर जेवढे डिझेल जाळतो, त्याच्या किमतीच्या लहानशा हिश्शात ही सारी व्यवस्था बसू शकते. प्रश्न रकमेचा नसून ती कोणाच्या खात्यावर घालावयाची याचा आहे. ती चालू खर्चात घातली तर खलाशांच्या वाट्यातून वजा होईल. आपल्या जिवाची किंमत त्यांनी स्वतःच भरावी, असा त्याचा अर्थ. ती सर्वस्वी लहान मालकावर घातली तर तो व्यापाऱ्याकडून आणखी उचल घेईल. म्हणून मोठ्या मालकाने ती भांडवली खर्च म्हणून भरावी, आणि एका बोटीच्या मालकाला सहकारी संस्थेमार्फत साहाय्य मिळावे, हा न्याय्य मार्ग होय.

यासाठी नवे खाते उघडावे लागणार नाही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक व यांत्रिक होड्यांसाठी सुरक्षा संच आहेत. पण त्यांतून ट्रॉलर वगळले आहेत. ट्रॉलरचा मालक सधन असेल, त्याला अनुदान नको हे मान्य. परंतु ट्रॉलरवरचा खलाशी सधन नाही, आणि त्याची सुरक्षितता मालकाच्या सधनतेवर सोडून देता येत नाही. तेथे अनुदानाच्या जागी सक्ती हवी. त्याच योजनेत मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूबद्दल पाच लाखांच्या विम्याची तरतूद आहे. मृत्यूनंतर पाच लाख देण्यास तयार असलेल्या व्यवस्थेने मृत्यू टाळण्यासाठी काही हजारांचा हिशेब करू नये, हे विचित्र आहे. आणि ज्या परप्रांतीय खलाशाचे नाव कोणत्याच यादीत नाही, त्याच्या वारसाला तर ते पाच लाखही दूरच.

महाराष्ट्रात मच्छीमार सहकाराची परंपरा आहे. सातपाटीपासून सिंधुदुर्गापर्यंत संस्था आहेत, डिझेल त्यांच्यामार्फत मिळते, परतावाही त्यांच्यामार्फत. जी संस्था डिझेलचे पंप चालवू शकते, तिला पाच किलोच्या टाक्या आणि तपासलेल्या नळ्या धक्क्यावर ठेवणे अशक्य नाही. तेल कंपन्यांनी अशा संस्थांना बोटीवरील जेवणापुरता गॅस घरगुती दराने द्यावा. मग चोरवाटेचे कारणच उरणार नाही. खलाशाचा भात हा हॉटेलचा व्यापार नव्हे.

यावर एक आक्षेप येईल : परवान्याला तपासणी जोडली की आणखी एक निरीक्षक आणि आणखी एक हप्ता. आक्षेप खरा आहे आणि अनुभवातून आलेला आहे. त्याचे उत्तर तपासणी टाळणे हे नसून ती तपासणी ज्यांचा जीव धोक्यात आहे त्यांच्या डोळ्यांसमोर करणे हे आहे. संस्थेचा एक माणूस, गॅसचा एक जाणता कारागीर आणि बोटीवरचा एक खलाशी, अशा तिघांची सही दाखल्यावर असावी. भंडाऱ्याची सही असल्याशिवाय दाखला पुरा होऊ नये. ज्याला शेगडीसमोर उभे राहावयाचे आहे, त्याला खोट्या दाखल्यात रस नसतो.

कार्यकर्त्यांसाठी

पावसाळ्यातील मासेमारी बंदीचे दोन महिने बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. लाकूड तासले जाते, रंग लागतो, इंजिने खोलली जातात, जाळी विणली जातात. बोटीवर जे काही बदलावयाचे ते याच काळात बदलते. किनारपट्टीवरील कार्यकर्त्यांनी या दोन महिन्यांत आपापल्या बंदरातील बोटींवर जाऊन चार गोष्टी लिहून घ्याव्यात : शेगडी कशी आहे, नळी केव्हाची आहे, टाकी कोठे ठेवतात आणि गॅसचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो. अशी नोंद कोणत्याही सरकारी कार्यालयात सहजी सापडणार नाही. ती हाती आली की मागणीला बळ येते. तिच्यावाचून मागणी केवळ भाषण ठरते.

त्या नोंदीच्या आधारे तीन मागण्या नेटाने मांडाव्यात. बोटीवरील गॅसव्यवस्थेचे किमान नियम राज्याच्या मासेमारी परवान्याच्या अटींत लिहावेत. सहकारी संस्थांना धक्क्यावर गॅस वाजवी दराने मिळावा आणि लहान मालकांना शेगडीसाठी साहाय्य व्हावे. आणि केंद्राने १८८ क्रमांकाच्या कराराला मान्यता द्यावी. यांपैकी शेवटची मागणी पुरी होण्यास वर्षे लागतील. पहिलीला मंत्रालयात खेटे घालावे लागतील. परंतु नळी बदलणे, टाकी डेकवर आणून बांधणे, वाट्याच्या हिशेबातून शेगडीचा खर्च वगळण्याचा ठराव संस्थेच्या सभेत मांडणे, यांसाठी कोणत्याही मंत्र्याची वाट पाहावी लागत नाही.

बोटीवरच्या खलाशाला मते नसतात. त्याचे नाव कोठल्या तरी दूरच्या गावाच्या मतदारयादीत असते, आणि नेपाळी मजुराचे तर तेथेही नसते. निवडणुकीच्या हिशेबाने पाहिले तर त्याच्यासाठी झटणे हा निव्वळ तोट्याचा व्यवहार आहे. म्हणूनच ते काम दुसरे कोणी हाती घेणार नाही. नारळी पौर्णिमेला बोटी समुद्रात लोटल्या जातात तेव्हा सागराला नारळ वाहून रक्षणाची प्रार्थना केली जाते. त्याआधी बोटीची नळी बदललेली असावी, एवढे तरी माणसाच्या हाती आहे.